वास घेऊन बघ

११ फेब्रुवारी

बाबा,

घरी सगळे बरे आहेत हे आधी सांगते. नऊ वर्षांत मी एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम पाकीट आलं, तर माणसाच्या मनात भलतंसलतं येणारच. तसं काही झालेलं नाही. तुमचा पत्ता जुन्या बेकरीच्या मालकांकडून मिळाला. ते म्हणाले, "अजून भट्टीवरच उभा असतो तुझा बाप. वय झालं म्हटलं तर ऐकत नाही."

एका कामासाठी लिहितेय. मला चेहऱ्याचा थोडा त्रास सुरू झालाय. घरात आधी कुणाला होता का, असं डॉक्टरांनी विचारलं. आईला नव्हता. तुमच्याबद्दल मला धड सांगता आलं नाही. तेवढी माहिती कळवा. तुमचे गाल लाल व्हायला लागले ते भट्टीवर लागण्याआधी की नंतर? नुसते लाल व्हायचे की आगही व्हायची? डोळ्यांत कण गेल्यासारखं टोचायचं का? नाक जाड व्हायला लागलं ते कितव्या वर्षी? आजीचं किंवा काकांचं कुणाचं असं होतं का?

जेवढं आठवेल तेवढं लिहा. सोबत तिकीट लावलेलं पाकीट आणि कोरा कागद ठेवलाय. घाईचं नाही, पण डॉक्टरांकडे पुढच्या महिन्यात जायचं आहे.

बाकी विशेष काही नाही.

४ मार्च

बाबा,

तीन आठवडे झाले. पत्र पोचलंच नसेल असं धरून चालतेय. पोस्टावर ढकलता येतं हे एक बरं आहे.

मागच्या वेळी मी "थोडा त्रास" लिहिलं होतं. थोडा नाही. दोन वर्षं झाली. आधी जिना चढून आले, गरम चहा प्यायले किंवा कुणी आवाज चढवून बोललं, की गालांजवळ इस्त्री धरल्यासारखं व्हायचं आणि अर्ध्या तासात ओसरायचं. मग ते ओसरेनासं झालं. मग बारीक पुटकुळ्या. चाळिशीत पुन्हा सोळावं लागलं का, म्हणून दुकानातल्या मुली चेष्टा करायच्या आणि मीही त्यांच्यात हसायचे. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं एक ट्यूब दिली. आठ दिवसांत चेहरा इतका स्वच्छ झाला की मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला. सात महिने लावली. थांबवली त्या आठवड्यात जे उठलं ते मला स्वतःला बघवेना. ते औषध वरवर दाबून टाकतं आणि आतून आणखी बिघडवतं, या दुखण्यात ते चेहऱ्याला लावायचंच नसतं, हे नंतर कळलं.

माझं काम तुम्हाला ठाऊक नसणार. मी चष्म्याच्या दुकानात असते. लोकांच्या तोंडावर फ्रेम बसवून बघायची, पट्टीनं डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं, काड्या कानामागे बसतील अशा वाकवायच्या. गिऱ्हाइकाच्या आणि माझ्या तोंडात वीतभर अंतर, आणि चारी भिंतींना आरसे. एकदा मी पट्टी धरली तशी एका बाईंनी मान मागे घेतली. "हे लागत नाही ना?" म्हणाल्या. मी म्हटलं, नाही हो. त्यांनी "असं का, बरं" म्हटलं आणि नाकाला रुमाल लावला. मालक वाईट माणूस नाही. दोन दिवस तो माझ्याशी काहीतरी बोलायचं म्हणून घुटमळत होता. मग म्हणाला, "काही दिवस मागे बसतेस का? काचा घासायला माणूस हवाच आहे."

त्या काही दिवसांना आता पाच महिने होतील. मागच्या खोलीत दोन यंत्रं आहेत, पाण्याचं पिंप आहे, खाली काचेचा पांढरा चिखल. आरसा नाही. पहिल्या दिवशी मला तिथं बरं वाटलं, बाबा. संध्याकाळी घरी येताना त्याचीच भीती वाटली.

दुखणं ओळखलं ते डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी. त्यांचे पेशंट आमच्याकडे चष्मे करायला येतात. त्या स्वतःच्या चष्म्याचा स्क्रू घट्ट करून घ्यायला आल्या होत्या, मी मागून बाहेर आले. स्क्रू राहिला बाजूला. माझी हनुवटी धरून त्यांनी मला दिव्याखाली नेलं. "पापण्यांच्या कडा बघ कशा झाल्यात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं? सकाळी पापण्या चिकटतात? आणि गाल कधीपासून असे आहेत?"

मी म्हटलं, गालांचा डोळ्यांशी काय संबंध?

"एकाच घरातले आहेत ते," म्हणाल्या, आणि त्वचेच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. रोझेशिया म्हणतात याला. नाव ऐकायला किती छान आहे, एखाद्या मुलीला ठेवावं असं.

तुम्ही डोळे चोळायचात. हाताला पीठ असायचं म्हणून मनगटानं. ते मला लख्ख आठवतं. उत्तर द्या.

२९ मार्च

बाबा,

उत्तर नाही आलं. ठीक आहे. मी तुमच्या जागी असते तर मीही नसतं दिलं, इतकं लिहून पुढे जाते.

त्वचेचे डॉक्टर वयानं लहान आहेत. समोर बसवून कागदावर गालाचं चित्र काढतात, त्यात नद्यांसारख्या रक्तवाहिन्या काढतात. "हे जाणार नाही," असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. "आटोक्यात ठेवता येईल. मधूनमधून उसळेल, मधूनमधून बसेल."

"पण कशानं झालं?"

"नेमकं कुणालाच सांगता येत नाही. या वाहिन्या जरा कशानं फुलतात आणि मग फुललेल्याच राहतात. घराण्यात असतं पुष्कळदा. आपल्या रंगाच्या कातडीवर लाली उठून दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कळतही नाही. तुम्ही उजळ आहात, म्हणून दिसतंय. एक लक्षात ठेवा. अस्वच्छतेनं होत नाही, कुणाला लागत नाही, आणि तुमचं काही चुकलं म्हणूनही झालेलं नाही."

रोज लावायचं मलम, काही महिने गोळ्या, उन्हात जाताना वेगळं मलम, डोळ्यांना कोमट शेक आणि थेंब. शिवाय एक वही ठेवायची. कशानं भडकतं ते लिहायचं, म्हणजे ते टाळता येतं. मी इमानेइतबारे लिहिते. मंगळवार: ऊन, दहा मिनिटं. बुधवार: नवरा मोठ्यानं बोलला. गुरुवार: वारा. शुक्रवार: काही नाही, तरी. अशी "काही नाही, तरी"ची किती पानं झाली सांगू. ऊन टाळीन, तिखट टाळीन, वाऱ्याला तोंड देणार नाही. पण जे नाहीच ते कसं टाळायचं?

ते सगळं सांगून झाल्यावर डॉक्टर खाली बघत म्हणाले, "दारू घेता का?"

मी उठूनच उभी राहिले. ते म्हणाले, "बसा, बसा. सगळ्यांना विचारावं लागतं. काहींचं त्यानं भडकतं. पण थेंबही न घेणाऱ्यांना हे होतं, आणि लोक त्यांना पिणारे समजतात. या एका गोष्टीवरून इथं फार माणसं रडतात."

मी तिथं नाही रडले.

मागच्या आठवड्यात छोटीच्या शाळेत पालकांची सभा होती. छोटी आता तेरा वर्षांची आहे, माझ्या कानापर्यंत येते. बस चुकली म्हणून मी दुपारची चालत गेले. पोचले तेव्हा गाल नुसते पेटले होते, डोळ्यांतून पाणी. वर्गशिक्षिका गुणपत्रिका दाखवायला माझ्याजवळ आल्या, आणखी थोड्या जवळ आल्या, आणि बोलता बोलता त्यांनी नाकानं श्वास आत ओढला. हळूच. मग छोटीकडे अशा नजरेनं बघितलं, बिचारं लेकरू, अशा.

घरी आलो. दारात बूट काढताना छोटी म्हणाली, "आई, पुढच्या वेळी बाबांना पाठव ना."

त्या बाई माझा वास घेत होत्या, बाबा. मला लगेच कळलं.

आज इथंच थांबते.

२० एप्रिल

बाबा,

तुम्ही वाचत असाल किंवा नसाल, मला हे लिहायचं आहे. तीन पत्रं मी कडेकडेनं फिरतेय.

मी सात वर्षांची होईपर्यंत तुम्ही प्यायचात हे खरं आहे. आई आणि मी खिडकीत बसून तुमच्या चालण्यावरून अंदाज बांधायचो, हेही खरं आहे. मग तुम्ही सोडलीत. कशी, ते मला माहीत नाही, लहान होते. पण घरातले आवाज बंद झाले एवढं आठवतं. आईनं तुमच्यावर विश्वास ठेवला. शेवटच्या आजारपणात तिनं माझा हात धरून सांगितलं होतं, "त्यांनी सोडलीय गं. तू तरी विश्वास ठेव." मी हो म्हटलं आणि ठेवला नाही. कारण तुमचे गाल तसेच होते, डोळे तसेच, आणि नाक तर वर्षावर्षानं सुजत चाललं होतं. शेजारचे, नातेवाईक, बेकरीतले, सगळे हसायचे. तुम्ही सोडली होतीत. तोंडावरून ती गेली नव्हती.

आता त्या दुपारचं. छोटी चार वर्षांची होती. तुमची पहाटेची पाळी संपली की तुम्ही तिला बागेत न्यायचात. त्या दिवशी ती घसरगुंडीवर उलटी चढली आणि वरून पडली. हनुवटी फाटली. रिक्षा मिळाली नाही म्हणून तुम्ही तिला उचलून भर उन्हात दवाखान्यापर्यंत पळत गेलात. दीड किलोमीटर. वय एकसष्ट. मी पोचले तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून उभे होतात. शर्ट रक्तानं भरलेला, हात थरथरत होते, चेहरा जळत्या कोळशासारखा, डोळे लाल.

नर्सनं तुमच्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "यांनी घेतलीय का?"

मी म्हटलं, "हो. घेतात."

तिनं ते कागदावर लिहिलं. मी बघत होते लिहिताना.

तुम्ही म्हणालात, "मी घेतलेली नाही. बायो, वास घेऊन बघ." आणि एक पाऊल पुढे आलात. तोंड जरासं उघडलंत, लहान मूल घसा दाखवतं तसं. मी तोंड फिरवलं. माझा नवरा आला, त्यानं नर्सचं ऐकलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "यांनी पुन्हा घरात पाऊल टाकायचं नाही." मी तेव्हाही गप्प बसले. टाके घालून झाल्यावर बाहेर आले तेव्हा तुम्ही नव्हतात. महिन्याभरानं कळलं की गाव सोडून गेलात.

एक पाऊल होतं, बाबा. मी नाक पुढे केलं असतं तर पिठाचा आणि घामाचा वास आला असता. मला तो माहीत होता. म्हणूनच मी नाही घेतला की काय, असं हल्ली वाटतं. खरं कळलं असतं तर मला सगळ्यांसमोर तुमच्या बाजूनं उभं राहावं लागलं असतं.

१० मे

बाबा,

दोन गोष्टी केल्या. दोन्हींतून काही निघालं नाही, तरी कळवते.

पहिली, नवऱ्याला सांगितलं. जेवण झाल्यावर डॉक्टरांचे कागद समोर ठेवले. त्यानं शांतपणे सगळे वाचले. तो बदलला आहे थोडा, पूर्वीसारखा भडकत नाही. म्हणाला, "असेल त्यांना हा रोग. पण त्या दिवशी घेतली नव्हती कशावरून?"

मी म्हटलं, ते म्हणाले होते.

"पिणारा माणूस दुसरं काय म्हणणार?"

घेतल्याचा पुरावा दाखवता येतो. न घेतल्याचा कुठून आणायचा, तोही नऊ वर्षांनंतर? मी भांडले, गाल पेटले, आणि तो म्हणाला, "जाऊ दे, तुला त्रास होतो." कळवळून म्हणाला. म्हणून जास्त लागलं.

दुसरी, दवाखान्यात गेले. म्हटलं, तो कागद तरी दुरुस्त करून घेऊ. जुन्या नोंदींची खोली तळघरात आहे. तिथल्या कारकुनानं माझं ऐकून घेतलं, छोटीचं नाव, तारीख लिहून घेतली, आणि पंधरा मिनिटांनी हात झटकत परत आला. "सात वर्षांपूर्वीचे कागद आम्ही ठेवत नाही, ताई. सगळे लगद्याला गेले."

"म्हणजे आता कुठेच लिहिलेलं नाही?"

"कुठेच नाही," तो म्हणाला. त्याला वाटलं मला आनंद होईल.

छोटीलाही सांगितलं. ती हनुवटी चोळत ऐकत राहिली. तिच्या मनात एवढीच गोष्ट होती की आजोबा प्यायलेले होते आणि त्यांच्या हातून ती पडली. हे तिला कुणी सांगितलं? कुणी असं बसून सांगितलं नाही. पण घरात काय हवेत असतं ते मुलं उचलतात. सगळं ऐकून ती म्हणाली, "मग मलापण होणार का?" मी म्हटलं, सांगता येत नाही, होईलही, न होईलही. ती आरशापुढे जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे उभी राहिले.

पुढच्या महिन्यात मी तिकडे येतेय. तुम्ही नको म्हणालात तर बसस्टँडवरून परत फिरेन. काहीच नाही म्हणालात तर येईन.

१६ जून

(बेकरीच्या गल्ल्यावरच्या ताईंस: हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवाल का? मध्ये काही गाळू नका, तुम्हाला अवघडल्यासारखं झालं तरी.)

बाबा,

परत पोचले. छोटी स्टँडवर घ्यायला आली होती, तुम्ही दिलेले पाव तिनं वाटेतच संपवले.

तुम्हाला मी दिसत नव्हते, म्हणून मी काय पाहिलं ते सांगते. मी बेकरीच्या मागच्या दारात उभी राहिले. तुम्ही लांब दांड्याच्या फळीनं पाव भट्टीतून ओढत होतात. फळी बरोबर जागी जात होती, पण तुमचं तोंड भट्टीकडे नव्हतं, बाजूला कलंडलेलं होतं, कान लावल्यासारखं. मी हाक मारली. तुम्ही वळलात आणि डाव्या डोळ्यानं मला शोधायला लागलात. उजव्या डोळ्याच्या बुबुळावर पांढरा डाग होता. मी रोज काचा घासते, बाबा, खराब झालेली काच मला लांबून ओळखू येते.

"कोण?" तुम्ही म्हणालात. मला वाटलं रागानं म्हणताय. मग कळलं, खरंच विचारत होतात.

माझी पाचही पत्रं तुमच्या खोलीत खाटेखालच्या डब्यात होती. एकही फोडलेलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "अक्षर ओळखलं. पण बारीक वाचता येत नाही आता. आणि तुला जे म्हणायचं होतं ते तू दवाखान्यात म्हणालीस. तेच पुन्हा परक्या बाईच्या तोंडून कशाला ऐकायचं?"

मी वीस एप्रिलचं पत्र फोडून वाचलं. बाकीची राहिलीच. वाचताना मी तुमच्याकडे बघत नव्हते. संपल्यावर मी कागदाची घडी घातली. मग तुम्ही विचारलंत, "छोटीच्या हनुवटीवर खूण राहिली का गं?"

"बारीकशी. जवळून बघितलं तर दिसते."

"मला वाटलं होतं जबडाच गेला. पळताना तिचं डोकं माझ्या खांद्यावर सारखं आपटत होतं." थोडं थांबून तुम्ही म्हणालात, "त्या दिवशी मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही."

इतकंच म्हणालात. मला ओरडला असतात तर बरं झालं असतं.

मी माफी मागितली तेव्हा तुम्ही हात हलवलात, माशी हाकलल्यासारखा. "आता कळून काय करायचं, बायो? रोग आहे म्हणतेस. बरं, रोग तर रोग. मला तरी कुठं ठाऊक होतं? मला वाटायचं, पूर्वी प्यायलो त्याचीच शिक्षा तोंडावर राहिली. मीच असं समजत होतो, तर तुला काय बोलू?"

हे तुमचं वाक्य मला बसमध्ये पूर्ण वाट पुरलं.

ताई, आता जे लिहितेय ते सावकाश वाचा. बाबा, मी तुम्हाला नेलं होतं त्या तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आपल्या दोघांसमोर काय सांगितलं ते ध्यानात ठेवा. हे डोळ्यांत पीठ जाऊन झालेलं नाही. गालांचं आणि डोळ्यांचं दुखणं एकच आहे आणि ते कित्येक वर्षं औषधाशिवाय राहिलं. उजव्या डोळ्याची गेलेली नजर बहुधा परत येणार नाही. डावा वाचवता येईल. त्यासाठी दिवसातून दोनदा कोमट पाण्याचा शेक, पापण्यांच्या कडा हलक्या हातानं पुसायच्या, गोळी रोज, आणि थेंब सकाळ-संध्याकाळ, न चुकता. आणि भट्टीपासून लांब. हे शेवटचं ऐकून तुम्ही हसलात. डॉक्टर हसले नाहीत.

माझ्याकडे चला म्हटलं तर तुम्ही नाही म्हणालात. "तुझ्या घरी कुणीतरी येणार, माझं तोंड बघणार, आणि तू सगळ्यांना रोगाचं नाव सांगत बसणार. नको. इथं मला सगळे ओळखतात." मला ते तंतोतंत कळत होतं. मीही मागच्या खोलीत बसतेच आहे.

रोज संध्याकाळी सात वाजता बेकरीत फोन करीन. थेंब घातलेत का, एवढंच विचारीन. जास्त बोलायचं नसलं तर नका बोलू.

८ ऑगस्ट

(ताई, हेही वाचून दाखवाल ना? थोडंच आहे.)

बाबा,

तुम्ही भट्टी सोडून कणीक मळायला बसता असं ताईंनी सांगितलं. दिवसातून चारदा भट्टीपाशी जाऊन त्या नवीन माणसाला शिव्या देऊन येता, हेही सांगितलं. दुसरं बंद करा असं म्हणवत नाही मला.

माझं विचाराल तर पुटकुळ्या बसल्या, लाली अर्धी उरलीय. चांगले दिवस लागोपाठ आठ-नऊ येतात आणि मी विसरून जाते. मग एका सकाळी उठते तर पुन्हा सगळं जसंच्या तसं, कारण काही नाही. परवा मी मालकाला म्हटलं, मला पुढे बसायचं आहे. तो म्हणाला, "बघू." काल पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "बघू म्हटलं ना." उद्या पुन्हा विचारणार आहे. नवऱ्यानं यावर काही म्हटलं नाही, पण तुमच्या डोळ्याचं काय झालं असं त्यानं आपणहून विचारलं. एवढ्यावर मी काही आशा बांधत नाही. तुम्हीही बांधू नका. छोटीला सुट्टीत तुमच्याकडे यायचं आहे. मी तिला म्हटलं, आजोबांना विचारते. तेवढं कळवा.

पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. कालच्या फोनसाठी लिहिलंय.

बावन्न दिवस मी सात वाजता फोन करतेय. ताई हाक मारतात, तुमच्या सपाता घासत येतात, तुम्ही "घातले" म्हणता आणि फोन ठेवता. तो एक शब्द ऐकायला मी दुकानातून पळत घरी येते. माझं बोलणं तोंडातच राहतं, तरी माझी तक्रार नाही. काल तुम्ही "घातले" म्हणालात आणि फोन ठेवला नाहीत. मागे कुणीतरी ट्रे आपटत होतं. मला वाटलं, तुम्हाला बटण सापडत नाहीये. मग तुम्ही खाकरून म्हणालात, "आणि तुझे? तू घातलेस का?"

मी "हो" म्हटलं. त्यावर तुम्ही "बरं" म्हणालात आणि मग ठेवलात.

नव्हते घातले, बाबा. दोन दिवस बाटली पर्समध्येच होती. फोन ठेवला, तिथंच खुर्चीवर मान मागे टाकून बसले आणि घातले. उजव्यात नीट पडले. डाव्यात तीनदा घालावे लागले, डोळा मिटत होता सारखा.

तुमची,
बायो